कोरियातला हिवाळा आणि आयुष्यातला पहिला बर्फ: उष्ण प्रदेशातून जाणाऱ्यांसाठी सविस्तर तयारी

कोरियाच्या हिवाळ्यात थंडीची हमी असते, बर्फाची नसते. मुंबई, कोकण, गोवा किंवा विदर्भातून पहिल्यांदाच बर्फ बघायला निघालेल्याने एवढं मनाशी पक्कं केलं, की सहलीचा आराखडाच बदलतो. सोलमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे २ अंशांच्या आसपास असतं. थंडीची लाट आली की पहाटेचा पारा उणे १५ पर्यंत उतरतो. पण त्या अख्ख्या महिन्यात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १७ मिलिमीटर पडतो. जुलैत हाच आकडा ४०० च्या वर जातो. निळंशार आकाश, लख्ख ऊन, कापत जाणारा वारा आणि कोरडी जमीन हा सोलचा नेहमीचा जानेवारी आहे. मुक्कामाचे सगळे दिवस फक्त सोलसाठी ठेवले, तर हुडहुडी भरेल आणि बर्फ मात्र राजवाड्यांच्या सावलीतल्या कोपऱ्यात मूठभर दिसेल, असं सहज होऊ शकतं.

म्हणून दोन तयाऱ्या वेगवेगळ्या करायच्या: एक थंडीची, दुसरी बर्फाची.

बर्फ कुठून येतो, ते आधी समजून घ्या

हिवाळ्यात सायबेरियावर थंड, जड हवेचा मोठा साठा तयार होतो आणि तिथून वायव्येचा वारा कोरियावर येतो. हा वारा मुळात कोरडा असतो. वाटेत पिवळ्या समुद्रावरून येताना तो बाष्प उचलतो आणि नैर्ऋत्येकडच्या जोल्ला प्रांतात, तसंच जेजू बेटावरच्या हाल्लासान पर्वतावर बर्फ टाकतो. म्हणजे सोलमध्ये कडाका असताना ग्वांगजू आणि जोंगउप या दक्षिणेकडच्या शहरांत बर्फ पडत असतो. नकाशा बघून हे उलटं वाटतं, पण वारा समुद्रावरून किती अंतर कापून आला यावर ते ठरतं.

पूर्वेचं गणित वेगळं. पूर्व किनाऱ्याला समांतर तेबेक पर्वतरांग उभी आहे. वायव्येचा वारा ती ओलांडेपर्यंत पुन्हा कोरडा होऊन जातो, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर बरेचदा स्वच्छ ऊन असतं. पण वारा फिरून पूर्वेच्या समुद्रावरून आत वाहू लागला, की ओली हवा डोंगरांना धडकून वर चढते आणि गांगवोन प्रांतात अतोनात बर्फ कोसळतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये गांगनुंग शहरात असाच दिवसचे दिवस बर्फ पडून मीटरभर थर साचला होता. पश्चिम घाटाचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला हे लगेच उमगेल: समुद्र, वारा आणि आडवा डोंगर, तीच तिन्ही पात्रं.

सोलमध्ये बर्फ पडतो तो कमी दाबाचा पट्टा वरून सरकला की. कधी दोन सेंटिमीटर पडून दुपारपर्यंत वितळतो, तर कधी सगळ्यांचे अंदाज चुकवतो. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी सोलमध्ये इतका बर्फ पडला, की १९०७ पासूनच्या नोंदींत नोव्हेंबरमधला तो सर्वांत मोठा ठरला. अशा दिवसाच्या भरवशावर मात्र तिकीट काढू नका.

तारखा आणि आराखडा

पहिल्यांदा जाणाऱ्याने मध्य जानेवारी ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा हा काळ धरावा. डिसेंबरात शहर दिव्यांनी सजलेलं असतं, पण डोंगरांवर बर्फाचे थर अजून बसायचे असतात. नाताळला बर्फ पडेलच असं मानून मुलांना शब्द देऊ नका. चांद्र नववर्षाची सुट्टी, म्हणजे सोल्लाल, जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी येते. तारीख दरवर्षी बदलते. त्या तीन-चार दिवसांत आगगाड्या आणि बसगाड्या गावी जाणाऱ्यांनी भरून जातात, लहान दुकानं आणि खानावळी बंद असतात. ती तारीख आधी पाहा आणि टाळा.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी घ्यावा लागतो. तो हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या पैशांचं आरक्षण करू नका.

आठ दिवस असतील तर चार सोलला, दोन गांगवोनला, आणि उरलेले दोन मोकळे ठेवा. मोकळे म्हणजे खरोखर मोकळे: रद्द करता येईल असं हॉटेल घ्या आणि तिथे पोहोचल्यावर हवामान बघून ठरवा. कोरियन हवामान खात्याचा अंदाज इंग्रजीतही मिळतो. २४ तासांत ५ सेंटिमीटर नवा बर्फ साचेल असं वाटलं की ते जोरदार बर्फाची सूचना काढतात; २० सेंटिमीटरला, आणि डोंगराळ भागात ३० ला, इशारा. ही सूचना म्हणजे आपल्यासाठी आनंदाची बातमी, पण त्याच वेळी राष्ट्रीय उद्यानांतल्या पायवाटा बंद होतात आणि घाटरस्ते अडतात. म्हणून बर्फ पडत असताना पायथ्याच्या गावात असावं आणि तो थांबला की दुसऱ्या सकाळी वर जावं. आकाश निवळलेलं असतं, फांद्या भरलेल्या असतात आणि वाटा उघडू लागलेल्या असतात. उद्यानांच्या संकेतस्थळांवर शिखरांवरचे थेट कॅमेरे दिसतात; निघण्यापूर्वी ते बघितले तर फेरा वाया जात नाही.

डिसेंबरच्या अखेरीस सोलमध्ये सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाचला मावळतो. दिवसाचा बेत करताना हे धरून चाला.

कपडे: वारा अडवा आणि सहज काढता येईल असं घाला

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की आपल्याकडे बातमी होते. सोलमध्ये तसा दिवस मिळाला तर लोक कोटाची बटणं उघडी टाकून फिरतात. आपला पहिला कल स्वेटरवर स्वेटर चढवण्याकडे असतो, पण लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो. बाहेरचा एक थर वारा अडवणारा असला, की आतले दोन थर पुरतात.

अंगालगत थर्मल घाला, सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तोच घाम बाहेर पडल्यावर गारठतो. त्यावर फ्लीस किंवा पातळ स्वेटर. सगळ्यावर गुडघ्याखाली येणारा, पिसं भरलेला लांब कोट. कोरियात याला लाँग पॅडिंग म्हणतात. शाळकरी मुलांपासून आजींपर्यंत सगळ्यांच्या अंगावर तोच दिसतो. जीन्स एकटी उपयोगाची नाही, तिच्या आत थर्मल हवीच. तिथे आतून मऊ लव काढलेल्या विजारी मिळतात; दुकानात "गिमो" एवढं म्हटलं तरी पुरे. सलवार-कुडता घालणाऱ्या बायकांनी आत अशी लेगिंग आणि वरून लांब कोट घेतला, तर वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

यात चूक होते ती घरातल्या उबेची. मेट्रोचे डबे, दुकानं, खानावळी सगळं तापवलेलं असतं. मेट्रोची आसनंसुद्धा खालून गरम असतात. पाच थर घालून आत गेलात तर दहा मिनिटांत घामाने भिजाल आणि त्याच ओल्या अंगाने उणे १० मध्ये बाहेर पडाल. अंग गारठायला एवढं पुरतं. म्हणून कोट चटकन उघडता यावा, मफलर पिशवीत मावावा, आणि मेट्रोच्या जिन्यावर उतरतानाच चेन खाली ओढायची सवय लावून घ्या.

कानटोपी, गळ्याभोवती मफलर आणि वारा न शिरणारे हातमोजे यांवर कंजुषी नको. कान आणि बोटांची टोकं आधी दुखू लागतात. फोन वापरता येईल अशी बोटं असलेले पातळ मोजे आत आणि जाड मोजे वर, अशी जोडी फोटो काढणाऱ्याला फार सोयीची पडते.

सगळं इथून विकत घेऊन जायची गरज नाही. थर्मल, पायमोजे, कानटोपी इथून न्या. लांब कोट कोणाकडून उसना मिळाला तर उत्तम. नाहीतर नामदेमुन बाजारात किंवा एक्स्प्रेस बस टर्मिनलखालच्या भुयारी दुकानांत बघा; हिवाळी कपड्यांची निवड तिथे आपल्यापेक्षा कितीतरी मोठी असते. मात्र विमानतळावरून हॉटेलवर पोहोचेपर्यंत अंगावर पुरेसं असायला हवं. जाड जर्किन आणि टोपी सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

पायांत काय घालाल

आपले जाळीदार कापडाचे स्पोर्ट्स शूज तिथे अजिबात चालत नाहीत. बर्फ जाळीतून आत जातो, वितळतो आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. पाणी न शिरणारे, घोट्यापर्यंतचे आणि खोल खाचांच्या तळव्याचे बूट घ्या, तेही एक माप मोठे. जाड मोज्यांसह बोटं आत हलली पाहिजेत; बूट घट्ट झाला तर रक्त खेळत नाही आणि कितीही मोजे घातले तरी पाय गारच.

ताजा बर्फ घसरवत नाही. एकदा तुडवला गेलेला, दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला थर घसरवतो. तो काचेसारखा पारदर्शक असतो आणि डांबरावर दिसतच नाही. सावलीतले उतार, पुलावरचे पदपथ आणि मेट्रोबाहेरच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या इथे विशेष जपा. पाऊल लहान, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर, आणि हात खिशाबाहेर. तोल गेला तर सावरायला हात मोकळे लागतात.

डोंगरावर जायचं असेल तर बुटांना बांधायचे लोखंडी दात्यांचे पट्टे घ्या. कोरियात त्यांना आयजेन म्हणतात. दाइसोच्या दुकानात साधे आणि गिर्यारोहणाच्या दुकानात मजबूत मिळतात. बर्फाळ वाटांवर त्यांच्याशिवाय पाऊल टाकू नये. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर साधी जोडी शहरातही पिशवीत असू द्या.

बर्फ बघायला जायचं कुठे

माझी पहिली पसंती गांगवोनमधल्या देग्वाल्योंग या डोंगराळ भागाला, आणि कारण साधं आहे: २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी सोल ते गांगनुंग अशी केटीएक्स वेगवान गाडी सुरू झाली आणि हा सगळा डोंगराळ भाग आवाक्यात आला. सोलहून जिन्बू स्थानक दीड-पावणेदोन तासांवर आहे. तिथून वोलजोंगसा या बौद्ध मठाकडे बस जाते. मठाच्या वाटेवर उंच फर वृक्षांची सुमारे किलोमीटरभर सपाट पायवाट आहे. आजी-आजोबा आणि लहान मुलं दोघांनाही झेपते. दुसऱ्या दिवशी देग्वाल्योंगच्या मेंढ्यांच्या कुरणांकडे जा. सुमारे ८०० मीटर उंचीमुळे पडलेला बर्फ तिथे टिकतो. याच परिसरात पोलॉक मासे लाकडी मांडवांवर हजारोंनी टांगलेले दिसतात. रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं असं हिवाळाभर चालून ते पिवळसर, भुसभुशीत सुकतात. त्यांना ह्वांगते म्हणतात. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाने त्याचं गरम सार तिथेच खावं. इथला वारा मात्र सोलपेक्षा जहाल असतो. एवढा वेळ नसेल तर दोन तासांत थेट गांगनुंगला जाऊन समुद्रकिनारी पडलेला बर्फ बघता येतो, अर्थात वारा पूर्वेचा असेल तर.

चढायची ताकद नाही पण शिखरावरचा बर्फ बघायचा आहे, अशांसाठी दोग्युसान पर्वत. मुजूच्या रिसॉर्टमधून रोपवेचा पाळणा १,५२० मीटरवरच्या सोलचोनबोंगपर्यंत नेतो आणि तिथून २० मिनिटं चाललं की १,६१४ मीटरचं ह्यांगजोकबोंग शिखर. फांद्यांवर धुक्याचे कण गोठून जो पांढरा, काटेरी मोहर धरतो त्याला कोरियन लोक सांगोदे म्हणतात; तो सकाळी लवकर, वारा आणि धुकं असलेल्या रात्रीनंतर सर्वांत छान दिसतो. अंतर कमी असलं तरी आयजेन लागतातच. शनिवार-रविवारी पाळण्याचं आरक्षण आधी करा.

जेजूची गंमत अशी, की किनाऱ्यावर कॅमेलियाची लाल फुलं आणि संत्र्यांच्या बागा, तर वर १,९४७ मीटरच्या हाल्लासानवर ढीगभर बर्फ. शिखराकडे जाणाऱ्या सोंगपानाक आणि क्वानुमसा या वाटांना आधी नोंदणी लागते. त्यापेक्षा ११०० मीटर उंचीवरच्या रस्त्यावर बसने जाऊन फांद्यांचा बर्फ बघणं सोपं आहे. फार बर्फ पडला तर तो रस्ता बंद होतो, तेव्हा सकाळी चौकशी करूनच निघा.

स्की करायची हौस असेल तर सोलहून आगगाडीने जाता येईल असं गांगचोनजवळचं केंद्र बरं; ग्योंगचुन मार्गावरच्या बेग्यांगरी स्थानकातच उतरायचं. कपडे, बूट, स्की सगळं भाड्याने मिळतं. उतारावरचा बर्फ बहुतांशी यंत्राने बनवलेला असतो, त्यामुळे पडण्याची हमी नसलेल्या आठवड्यातही तो असतोच. मुलांसाठी घसरगाड्यांचा वेगळा उतार असतो. पहिल्या दिवशी स्की शिकण्यापेक्षा घसरगाडीतच जास्त आनंद मिळतो, असं माझं मत आहे. सोल सोडायचंच नसेल तर नगरपालिकेसमोरच्या मैदानावर हिवाळ्यात बर्फाचं मैदान तयार करतात. तासाला १,००० वोन, म्हणजे साठ-पासष्ट रुपयांत, स्केटसह प्रवेश मिळतो.

आणि सोलमध्ये रात्री बर्फ पडलाच, तर सकाळी सगळे बेत बाजूला ठेवून राजवाडा उघडण्याच्या वेळी दारात हजर व्हा. मंगळवारी ग्योंगबोकगुंग बंद असतो, सोमवारी चांगदोकगुंग. कौलांच्या वळणदार ओळींवरचा बर्फ ऊन चढलं की घसरून पडू लागतो, त्यामुळे पहिले दोन तास मोलाचे. हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घातला तर प्रवेश मोफत असतो. भाड्याने देणाऱ्या दुकानात आतून उबदार अस्तराचा वरचा झगा मागून घ्या, आणि घागऱ्याआड थर्मल कोणालाच दिसत नाही.

बर्फाच्या दिवशी काय करायचं

पारा शून्याच्या जवळ असेल तर बर्फाचे मोठे, ओलसर पुंजके पडतात. त्याचे गोळे होतात, बाहुला उभा राहतो, पण कपडेही भिजतात. म्हणून तिथले लोक बर्फात छत्री उघडतात. आपणही उघडावी. उणे ५ च्या खाली पडणारा बर्फ पिठासारखा कोरडा असतो, मुठीत दाबला तरी बांधला जात नाही. मुलं हिरमुसली तर त्यांना सांगा, दुपारी ऊन लागलं की तोच बर्फ चिकट होईल. बर्फ दाबून बदकं काढायचे प्लॅस्टिकचे साचे हिवाळ्यात दुकानांत मिळतात. एक घेऊन ठेवा, मोठेही खेळतात.

फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते. तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, जवळ पॉवर बँक असू द्या. कॅमेरा बाहेरून उबदार खोलीत आणताना चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करून आणा आणि तासभर उघडू नका, नाहीतर भिंगावर दव धरतं. बर्फाचे फोटो करडे येतात, म्हणून उजेड थोडा वाढवून काढा. उन्हात बर्फ डोळ्यांवर चमकतो. गॉगल आणि सनस्क्रीन उन्हाळ्याइतकेच लागतात.

गोठलेल्या तळ्यावर किंवा नदीवर स्वतःहून पाय ठेवू नका. ह्वाचोनसारख्या ठिकाणी जानेवारीत बर्फाला भोक पाडून मासे धरण्याची जत्रा भरते, पण तिथे बर्फाची जाडी मोजून माणसांना सोडतात. हिवाळा उबदार गेला तर ती पुढे ढकललीही जाते.

खोलीतली ऊब आणि कोरडेपणा

कोरियन घर खालून तापतं. ओंदोल म्हणजे जमिनीखालच्या नळ्यांतून फिरणारं गरम पाणी. भिंतीवरच्या खटक्यावर तापमान २२-२३ ठेवलं तर पुरतं. जमीन तापायला वेळ लागतो, म्हणून आकडा एकदम ३० वर नेऊ नका, मध्यरात्री घामाघूम व्हाल. कडाक्याच्या थंडीत बाहेर जाताना तो पूर्ण बंद करायचा नसतो, नळ्या गोठतात. गाद्या जमिनीवर घातल्या असतील तर पाठीला जी ऊब मिळते तिला तोड नाही. फक्त औषधं, चॉकलेट आणि लॅपटॉप जमिनीवर ठेवू नका.

हवा विलक्षण कोरडी होते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. तिथले लोक रात्री ओला टॉवेल खोलीत वाळत घालतात, तेच करा. आंघोळ कडकडीत पाण्याने नको, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा. खोबरेल तेलाची बाटली खिडकीशी राहिली तर दगड होते. ओंदोलच्या जमिनीवर पाच मिनिटं ठेवली की वितळते.

पोटाला आधार

थंडीत भूक जास्त लागते. रस्त्यावर होट्टोक खा: तव्यावर तळलेली जाडसर पोळी, आत वितळलेला गूळसर साखरेचा पाक आणि दाणे. पहिला घास जपून, पाक भाजतो. भाजलेली रताळी, भाजलेले चेस्टनट, भोपळ्याची लापशी आणि लाल चवळीसारख्या दाण्यांची पातजुक ही लापशी शाकाहारी माणसाला साधारण चालते. काडीला लावलेलं ओमुक मात्र माशाचं असतं आणि त्याबरोबर पेल्यात देतात ते गरम सारही. किमचीत बहुधा माशांचं खारवण असतं. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, मांसाशिवाय मागता येतो. "मांस, मासे, त्यांचं सार काहीच नको" हे कोरियनमध्ये लिहिलेलं वाक्य फोनमध्ये जपून ठेवा आणि दाखवा.

शरीराकडे लक्ष

हलवल्यावर गरम होणाऱ्या पुड्या सगळीकडे मिळतात. चिकटवायची पुडी नेहमी कपड्यावर लावा, कातडीवर कधीच नाही, आणि ती अंगाला लावून झोपू नका. कमी उष्णतेनेही तासन्‌तास राहिली तर भाजतं. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर घासू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. आत जाऊन काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. संवेदना परत आली नाही तर दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी ११९, आणि भाषेची अडचण असेल तर पर्यटकांच्या मदतीचा १३३० हा क्रमांक.

दमा असणाऱ्यांनी नाक-तोंड मफलरने झाकून श्वास घ्यावा आणि इनहेलर आतल्या खिशात ठेवावा. थंडीत रक्तदाब वाढतो. गोळ्या चुकवू नका, आणि पहाटेचं फिरणं ऊन वर येईपर्यंत पुढे ढकला. तहान जाणवत नाही तरी पाणी प्या.

परतताना

पदपथांवर बर्फ वितळवायला क्षार टाकतात. तो बुटांवर पांढरा उमटतो आणि चामडं खातो. शेवटच्या रात्री बूट ओल्या फडक्याने पुसून जमिनीच्या उबेवर वाळवा. कोट पिशवीत दाबून आणलात तरी घरी पोहोचताच उघडा, चांगला झटकून टांगा. पिसांचा कोट दाबलेल्या अवस्थेत कपाटात राहिला तर फुगायचं विसरतो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. मे महिन्यातच उन्हात वाळवून, सैल सुती पिशवीत घालून ठेवा; पुढच्या डिसेंबरात शेजारच्या कोणालातरी उसना द्यायला तो कामी येईल.